दोन मजली पीच

वेनहायला विनोद कळत नाही, असं त्याची थोरली बहीण पाओजू गावभर सांगत असे. पाओजूला विनोद म्हणजे काय हेच ठाऊक नाही, असं वेनहायचं मत होतं. ते तो कुणालाही सांगत नसे, कारण अशा गोष्टी सांगत फिरणं त्याच्या अभिरुचीत बसत नव्हतं.

एका आईची ही दोन मुलं, एकाच पातेल्यातला भात खाऊन वाढलेली. तरी दोघांना शेजारी शेजारी उभं केलं तर हॉस्पिटलात काहीतरी अदलाबदल झाली असावी, अशी शंका कुणालाही आली असती. वेनहाय पाणीपुरवठा खात्यात मीटर विभागाचा प्रमुख. त्याचे शर्ट राखाडी, पडदे राखाडी, आणि चहाचे कप असे की त्यांना रंग आहे की नाही यावर पाहुण्यांत मतभेद व्हावेत. तोही विनोद करायचा, नाही असं नाही. पण ते इतके बारीक दळलेले असायचे की केल्यानंतर विनोद होऊन गेला हे फक्त त्यालाच समजायचं. मग तो खिडकीबाहेर बघत एकटाच किंचित हसायचा आणि समोरच्याला वाटायचं, साहेबांची तब्येत बरी दिसत नाही.

पाओजूचं ब्यूटी पार्लर होतं. दारात बिनडोक्याची बाहुली, तिच्या मानेवर रोज नवा टोप. घरात भिंतीवर एक रबरी मासा होता. समोरून कुणी गेलं की तो शेपटी आपटून गाणं म्हणायचा. वेनहायच्या लग्नात नवरीच्या गुच्छात रबरी झुरळ सापडलं होतं, त्याचा तपास कधीच लागला नाही. कारण तपास करायची गरजच नव्हती.

तर आईला ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. गल्लीच्या टोकाच्या जुन्या घरात ती एकटीच राहायची, आणि आता तिनं एकटं राहू नये यावर दोन्ही मुलांचं एकमत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच झालेलं हे एकमत तिथंच संपलं, कारण आईनं कुणाकडे राहायचं? वेनहायनं एक खोली रिकामी करून फिकट राखाडी रंगवली होती आणि कोपऱ्यात एकच फुलदाणी ठेवली होती, तीही बिनफुलांची. पाओजूनं आपल्याकडच्या खोलीत जांभळे पडदे लावले होते, त्यांना सोनेरी गोंडे. पलंगाच्या उशाशी बदकाच्या आकाराचा दिवा होता आणि तो लावला की क्वॅक करायचा. आईनं दोन्ही खोल्या बघितल्या. दोन्हीकडे ती म्हणाली, "स्वच्छ आहे हं." या तीन शब्दांचा दोघांनीही आपापल्या बाजूनं अर्थ लावला.

आई आपल्यावर गेली आहे, म्हणजे आपण आईवर गेलो आहोत, याविषयी वेनहायच्या मनात शंका नव्हती. आई कधी खो खो हसायची नाही. पाओजूच्या पाचकळपणाकडे ती चेहरा न हलवता बघत बसायची. यालाच तो अभिरुची म्हणत होता. पाओजूचं म्हणणं, आईला गंमत फार आवडते, पण वेनहायसमोर हसायची तिला चोरी होते. अंत्ययात्रेत कुणी शिटी वाजवतं का?

तेव्हा आईनं जाहीर केलं की वाढदिवस गल्लीतच करायचा. मांडव, गोल टेबलं, आचारी, सगळं पूर्वीसारखं. दोघांनी मिळून करायचं. त्यानंतर कुणाकडे राहायचं ते मी सांगेन. एवढं बोलून ती भाजी निवडायला बसली आणि दोन्ही मुलं असे डोळे चमकवत घराबाहेर पडली की शेजारच्या हुआंग काकूंना वाटलं, म्हातारीनं घर विकलं.

कामाची वाटणी झाली. निमंत्रणं, परवानग्या आणि जेवण वेनहायकडे. सजावट आणि करमणूक पाओजूकडे. "तू काहीही कर ताई, पण बेतानं कर," असं वेनहाय म्हणाला. पाओजू म्हणाली की बेतानं करायचं असतं तर ऐंशी वर्षं जगायची गरज काय होती?

वेनहाय निमंत्रणाच्या मागे लागला. हल्ली जिकडेतिकडे लाल कार्डं, सोनेरी अक्षरं आणि हसणारी म्हातारी माणसं. त्यानं कागद आणला हस्तिदंती. त्यावर स्वतःच्या हातानं कुंचल्यानं काळ्या शाईत चारच ओळी लिहिल्या. आईच्या दीर्घ प्रवासानिमित्त आपण सर्वांनी शांतपणे एकत्र यावं, अशा अर्थाच्या. कोपऱ्यात एक पानगळ झालेली फांदी. बायकोनं, लीजेननं, ते कार्ड बराच वेळ हातात धरलं आणि हा पांढरा कागद बरा दिसेल का, असं विचारलं. वेनहायनं तिला पांढरा आणि हस्तिदंती यांतला फरक समजावून सांगितला. ती म्हणाली, मला समजलाय, पण गल्लीला समजेल का? कलेच्या वाटेवर जवळची माणसं अशीच आडवी येतात, असं मनाशी म्हणून वेनहायनं कार्डं टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या हुआंग काकू सोयादुधाची गाडी तशीच उघडी टाकून, हातात दुखवट्याच्या पैशांचं पांढरं पाकीट घेऊन, हुंदके देत आईच्या दाराशी आल्या. दार आईनं उघडलं.

"अगंबाई, काय झालं? कोण गेलं?" आईनं विचारलं.

हुआंग काकूंनी तिच्याकडे बघितलं, हातातल्या पाकिटाकडे बघितलं, आणि त्या म्हणाल्या, "तुम्हीच."

आईनं त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. मग त्या काय काय बोलणार होत्या ते सगळं त्यांच्याकडून सविस्तर म्हणून घेतलं. ते आईला आवडलं असावं, कारण तिनं दोनदा म्हणायला लावलं. तोवर दारात आणखी माणसं जमली होती. वॉर्डप्रमुख त्साय काळी टाय लावून आले होते. देवळाच्या समितीनं पुष्पचक्र पाठवलं होतं आणि ते आणणारा माणूस ते परत न्यायला तयार नव्हता. सगळ्यांना सोयादूध द्यावं लागलं.

पाओजूनं फोन केला, पण तिला बोलता येईना. पलीकडून नुसता किटली उकळल्यासारखा आवाज. "हस्तिदंती आहे तो," वेनहाय थंडपणे म्हणाला. किटली आणखी जोरात उकळली.

मग पाओजूनं नवी कार्डं काढली. लालभडक, सोनेरी काठाची, कासवावर बसलेल्या आईच्या फोटोची. उघडलं की आतून गाणं वाजायचं आणि मिटलं तरी थांबायचं नाही. वेनहायच्या साहेबांनी ते कार्ड गळतीवरच्या बैठकीत उघडलं. संपूर्ण गळती त्या गाण्याच्या साथीनं निकालात निघाली. वेनहाय टेबलाखालच्या आपल्या बुटांकडे बघत बसला होता.

पण खरा घाला पुढेच होता. पाओजूनं फोन करून सांगितलं की सजावटीचा माल आला आहे, गल्लीत ये, आणि बसायला काहीतरी घेऊन ये. हे शेवटचं का, ते त्याला तिथं गेल्यावर समजलं.

ऐंशीच्या वाढदिवसाला पीच हे फळ हवंच. पीच म्हणजे दीर्घायुष्य. तशा आकाराचे पाव करतात, चित्रं लावतात. वेनहायनं मनात एक छोटंसं, चिनीमातीचं पीच योजून ठेवलं होतं. पाओजूनं जे मागवलं होतं ते पंख्यानं हवा भरून उभं करायचं कापडी पीच होतं आणि ते दोन मजली होतं. आईच्या घराच्या गच्चीला टेकत होतं. रंग गुलाबी, कातडीसारखा. वरून खालपर्यंत मधोमध एक खोल घडी. पीचला घडी असतेच, त्यात कारखान्याची काही चूक नव्हती. खाली हिरवी पानं लावायची होती, म्हणजे ते फळ आहे हे बघणाऱ्याच्या ध्यानात येतं. ती पानं वेगळ्या खोक्यात येणार होती आणि ते खोकं आलं नव्हतं.

पानांशिवाय ते जे काही दिसत होतं, त्याचं नाव वेनहायनं लहानपणापासून मोठ्यानं उच्चारलं नव्हतं.

पाओजू गल्लीत फतकल मारून बसली होती आणि डोळे पुसत होती. "वेनहाय," ती कशीबशी म्हणाली, "तुझ्या त्या गुबऱ्या गालांच्या जुन्या साहेबांची आठवण येत नाही का रे?" वेनहाय म्हणाला की हे ताबडतोब परत पाठव. ते परत घेत नाहीत, आणि मलाही ते पाठवायचं नाहीये, असं ती म्हणाली. आई ओसरीवर उभी होती. ती वर बघत होती. चेहरा नेहमीसारखाच. "मोठं आहे हं," एवढंच म्हणाली.

बघता बघता सगळी गल्ली जमली आणि सल्ले सुरू झाले. हरकत पीचला कुणाचीच नव्हती. हरकत होती ती घडी कुठल्या बाजूला तोंड करून उभी राहणार याला. ती गल्लीच्या तोंडाकडे होती. तिथं भूमिदेवाचं देऊळ. समितीचे म्हातारे म्हणाले, देवाला असलं काही दाखवायचं नाही, देव जुन्या वळणाचा आहे. पीच फिरवलं. आता ते हुआंग काकूंच्या वरच्या खिडकीसमोर आलं आणि काकू म्हणाल्या की मी रोज पहाटे उठून पहिली ती खिडकी उघडते. आणखी फिरवलं, तर भिंतीपलीकडे बालवाडी. तिथल्या बाईंनी काही म्हणायच्या आत सगळी मुलं भिंतीवर चढून त्या वस्तूचं नाव घेऊ लागली. लहान मुलं फळाला फळ म्हणतात हा वेनहायचा समज होता. चौथ्या बाजूला वॉर्डप्रमुख त्सायांची गॅलरी होती. त्साय मोठ्या मनानं म्हणाले, माझी हरकत नाही, पण बायको तिथं बसून व्यायाम करते, तिचा गैरसमज होईल.

शेवटी तोडगाही त्यांनीच काढला. घडी मांडवाकडे करा आणि तिच्यावर दीर्घायुष्याचं अक्षर लिहिलेलं मोठं लाल कापड सोडा, म्हणजे घडीही झाकेल आणि शोभाही येईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. कापड आणलं, शिवलं, वर दोऱ्या बांधून मध्ये ओढून घट्ट केलं, कारण वाऱ्यानं उडत होतं.

वेनहाय दहा पावलं मागे जाऊन बघायला लागला. आधी ते निदान नुसतं उघडं होतं. आता त्याला लंगोट नेसवला होता.

त्यात परवानग्या त्याच्याकडे. रस्ता अडवायची परवानगी त्यानं केव्हाच काढून ठेवली होती, आणि सरकारी माणूस म्हणून तिचा त्याला अभिमान होता. आता नगर कार्यालयात जाऊन त्यानं खिडकीवरच्या तरुणीला सांगितलं की मांडवाशेजारी एक वस्तू उभी राहणार आहे. ती वस्तू इमारत आहे, वाहन आहे की फुगा, असं तिनं विचारलं. दोन मजली म्हटल्यावर ती इमारत. हलते म्हटल्यावर इमारत नाही. उडत नाही म्हटल्यावर फुगा नाही. स्वतः चाळीस प्रकारचे मीटर ओळखणारा वेनहाय तिच्या अडचणीत मनापासून सामील झाला. अशी नेमकी विचारणा त्याला आवडायचीच. दोघांनी मिळून ती वस्तू 'तात्पुरतं फळ' या सदरात बसवली. मग तिनं सहज विचारलं की त्याच्यावर काही लिहिलं आहे का?

"एक अक्षर आहे," वेनहाय म्हणाला.

"मग तो फलक झाला. फलकाची खिडकी वेगळी."

फलकाच्या खिडकीवरच्या गृहस्थांनी फोटो मागितला. वेनहायनं मोबाईल पुढे केला. गृहस्थांनी फोटो मोठा करून बघितला, आडवा करून बघितला, मग शेजारच्याला दाखवला. शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याला. हळूहळू तो मोबाईल खिडक्यांमागून पूर्ण कार्यालय फिरून आला. आणि त्या संपूर्ण वेळात वेनहाय टायची गाठ सारखी करत, कर भरायला आलेल्या नागरिकांच्या रांगेपुढे ताठ उभा होता. परवानगी मिळाली. शिक्का मारताना गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, "आईंना आमच्याकडून दीर्घायुष्य." आणि पाठ वळताच मागे जे झालं ते ऐकायला नको म्हणून वेनहाय जिना जवळजवळ पळतच उतरला.

वाढदिवसाचा दिवस उजाडला, आणि काहीही म्हणा, गल्ली फुलून आली होती. पट्ट्यापट्ट्यांचा मांडव, लाल टेबलक्लॉथ, आचाऱ्यांच्या भल्यामोठ्या चुली फुरफुरत होत्या. वाफेच्या पेट्यांतून खेकडा घातलेल्या चिकट भाताचा वास सुटला होता. वेनहायनं जेवण मात्र असं ठरवलं होतं की टीका करायला जागा नव्हती. डुकराच्या पायाचा रस्सा, आयुष्य लांबावं म्हणून न तोडलेल्या लांबच लांब शेवया, आलं घालून शिजवलेली कोंबडी. आज तो भाषण करणार होता आणि त्या भाषणात एक विनोद होता. त्यानं तो महिनाभर घासूनपुसून ठेवला होता. लीजेनलाही ऐकवला नव्हता.

करमणुकीतही वाटणी झाली होती. वेनहायनं एक वृद्ध तंतुवाद्यवादक बोलावले होते, पांढऱ्या दाढीचे. पाओजूनं बोलावला होता दिव्यांचा ट्रक, ज्याची बाजू उघडून स्टेज होतं आणि वर चमकीच्या कपड्यांतल्या दोन गायिका. ट्रकचा जनरेटर वाटेतच बिघडला होता, म्हणून त्याची वायर आईच्या घरातून घेतली. पीचच्या पंख्याची वायरही तिथूनच. आईच्या घराची वीज ही आईसारखीच. एका वेळी एकाचंच ऐकायची. गायिका गाऊ लागल्या की पंखा बंद पडायचा आणि पीच मान टाकायचं. पंखा चालू केला की पीच फुगून उभं राहायचं आणि गायिकांचा सूर मधेच तुटायचा. त्यामुळे दिवे आणि धांगडधिंगा चालू असताना मागे काहीच नसायचं. उलट वृद्ध वादक विजेशिवाय वाजवणारे. ते डोळे मिटून धबधब्याची धून छेडायला लागले की त्यांच्या पाठीमागे ती लंगोट नेसलेली दोन मजली वस्तू संथपणे वर यायची आणि शेवटच्या सुरापर्यंत तिथं डुलत राहायची. वादकांना इतक्या टाळ्या आयुष्यात पडल्या नव्हत्या. ते पुन्हा पुन्हा उठून वाकत होते, आणि वाकले की टाळ्या वाढत होत्या. वेनहायनं डोळे मिटून घेतले. शेजारच्या टेबलावरचा कुणीतरी म्हणाला, बघा, मुलगा संगीतात किती रमलाय.

शेवया वाढायच्या आधी भाषण. वेनहाय स्टेजसमोर पीचकडे पाठ करून उभा राहिला. माईक ट्रकचा, म्हणून ट्रकवाल्यानं पंख्याची वायर काढून माईकला जोडली. पंखा थांबलेला बघून पाओजू हातातला चमचा टाकून पीचच्या मागे धावली आणि पंख्याजवळ गुडघ्यांवर बसून वायर शोधायला लागली. हे वेनहायला दिसलं नाही. त्याच्यासमोर सगळी गल्ली होती, आणि मधल्या टेबलावर नव्या जांभळ्या जाकिटातली आई. ते जाकीट पाओजूनं दिलेलं, त्यावरची एकुलती एक मोत्याची पिन त्यानं दिलेली.

त्यानं खाकरून सुरुवात केली.

"आमच्या खात्यात एक नियम आहे. मीटर जुना झाला की तो कमी आकडा दाखवायला लागतो. आमची आई गेली सहा वर्षं बाजारात सगळ्यांना चौऱ्याहत्तर सांगते आहे." तो थांबला. कुठं थांबायचं तेही ठरवलेलं होतं. "नियमाप्रमाणे असा मीटर बदलावा लागतो. मी चौकशी केली. हे मॉडेल आता बनत नाही."

आणि हशा पिकला. साधा हशा नाही. लोक टेबलांवर हात आपटत होते. त्साय खुर्चीतून घसरत होते. हुआंग काकूंनी तोंडाला पदर धरावा तसा टेबलक्लॉथ धरला होता. आचारी चुली सोडून पुढे आले होते. वेनहायला वाटलं की आपल्या छातीत कुणीतरी खिडकी उघडली. बावन्न वर्षं! बावन्न वर्षं त्यानं हा बारीक दळलेला माल घरोघर नेला होता आणि कुणी दार उघडलं नव्हतं. त्यानं हात वर करून लोकांना शांत केलं. लोक शांत होईनात. तेव्हा त्यानं, भाषणात नसलेलं, आयत्या वेळी सुचलेलं एक वाक्य टाकलं, "गळतीही अजिबात नाही." पुन्हा धबधबा कोसळला. एक म्हातारा तर उठून त्याच्या डोक्याच्या वर बोट दाखवायला लागला. वेनहायनं नम्रपणे मान लववली. केवढा हा जनसागर आणि केवढी ही त्याची समज, असं त्याला वाटलं.

मग त्याच्यावर सावली पडली. गुलाबी.

पीच हवा सोडत सोडत पुढे झुकत होतं. पहिल्या वाक्यापासूनच झुकत होतं. थोर वडीलधाऱ्यांसारखं वाकून, लंगोटाच्या दोऱ्या लोंबकळत, ते वक्त्याच्या डोक्यावर हळूहळू बसायला येत होतं. वेनहायनं वर बघितलं. त्याला सगळं समजलं, आणि त्याच क्षणी ते बसलं.

आत गुलाबी अंधार होता. बाहेरचा आवाज दुरून येत होता, समुद्रासारखा. वेनहायला बाहेर जायचंच नव्हतं. घर, खातं, राखाडी खोली, सगळं सोडून इथंच बसावं असं त्याला वाटलं. विनोदाला नव्हे, त्याला हसले होते. त्यालाही नव्हे, त्याच्या वरच्याला. तो कापडाखालून हातापायांवर रांगत चुकीच्या दिशेनं निघाला आणि त्याचं डोकं कशावर तरी आदळलं. ती पाओजू होती. पंख्याला पाठ टेकून बसली होती. हातात वायरचं टोक होतं आणि सगळं अंग गदागदा हलत होतं.

"पुरे कर ताई," तो म्हणाला. "सगळी गल्ली मला हसून झालीय. तुझं एकटीचं राहिलं होतं."

पाओजूनं वायरचं टोक खाली ठेवलं.

"काय झालं बाहेर?" ती म्हणाली. "मी भाषण सुरू झाल्यापासून इथंच आहे रे. मला काहीच दिसलं नाही. हे अंगावर कसं काय पडलं?"

"मग हसतेस कशाला?"

"मॉडेल बनत नाही!" पाओजू म्हणाली, आणि पुन्हा आडवी झाली. "आणि गळती अजिबात नाही! अरे, हे तू... तू एवढी वर्षं असंच बोलत होतास का? मला वाटायचं तू खात्याची माहिती सांगतोस."

वेनहाय तिच्याकडे बघत राहिला. तिच्या डोळ्यांतलं काजळ गालांवर उतरलं होतं. ही खोटं हसत नव्हती. खोटं हसणं तिला येतच नव्हतं, तो तिचा दोषच होता. गावात एक माणूस त्याच्या विनोदाला हसला होता, आणि तो माणूस ही होती. त्यानं मान वर करून त्या कापडाकडे बघितलं. आतून बघताना ती घडी बरोबर दोघांच्या मधून जात होती, एकेक गोलार्ध एकेकाच्या डोक्यावर. त्याच्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं. त्यानं ते दाबलं. दाबलं, पण ते नाकातून निघालं.

"ताई," तो म्हणाला, "हे खरंच आमच्या जुन्या साहेबांसारखं दिसतं."

एवढं बोलला आणि त्याचा ताबा सुटला. राखाडी शर्टातला मीटर विभागाचा प्रमुख पीचच्या पोटात लोळत होता, बहिणीच्या खांद्यावर बुक्के मारत होता आणि 'लंगोट, लंगोट' याखेरीज त्याला शब्द सुचत नव्हता.

कापडाची कड वर झाली आणि उजेडात आईचं डोकं आत आलं. मोत्याची पिन तिरकी झाली होती. तिनं दोघांकडे बघितलं.

"शेवया गार होतायत," ती म्हणाली.

दोघं डोळे पुसत सरळ बसली. मोका साधून पाओजूनं विचारलंच, "आई, मग कुणाकडे येणार तू? आता सांगूनच टाक."

"कुणाकडेच नाही," आई म्हणाली. "तुझ्या खोलीत मला झोप यायची नाही, आणि त्याच्या खोलीत मला जाग यायची नाही. मी आपली इथंच बरी." मग ती थोडी पुढे वाकली. "पण दर रविवारी या. आणि दोघं बरोबर या. एकेकटी येता तेव्हा फार कंटाळवाणी असता तुम्ही."

असं म्हणताना तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. पण इतक्या जवळून वेनहायनं तो कधी बघितला नव्हता. तिच्या ओठांच्या दोन्ही कडा घट्ट दाबलेल्या होत्या आणि हनुवटी थरथरत होती. हे सगळं गेली पन्नास वर्षं असंच दाबून ठेवलेलं असणार, हे त्याच्या ध्यानात आलं. आपण हसलो की मुलांचा खेळ थांबेल, या भीतीनं.

पुढच्या रविवारी दोघं बरोबर आली. वेनहायनं खारे शेंगदाणे आणले होते, पाओजूनं गुलाबी केक. आईनं चहा ओतला, आपली वेताची खुर्ची ओढत ओढत बरोबर दोघांच्या मधोमध आणली, पाय वर घेऊन नीट बसली आणि म्हणाली, "मी म्हणते, पुढच्या दाराला रंग कुठला द्यावा?"